गळाची जुनी काठी कोणी बनवली, हे कसं ओळखायचं

गोव्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर काय काय सापडतं याची यादी करायला बसलं तर संपायची नाही. त्या यादीत अधूनमधून एक लांबट कापडी पिशवी असते. आत बांबूच्या दोन-तीन सडपातळ काठ्या, टोकांना धातूच्या नळ्या, एकीला बुचाची मूठ. घरातलं कोणीतरी सांगतं, "आजोबांची गरी. इंग्लंडची आहे म्हणे." मग मुठीजवळचं पुसट नाव शोधलं जातं, मोबाइलवर टाइप होतं आणि पाच मिनिटांत घरभर होतं की ही लाखाची वस्तू आहे.

बहुतेक वेळा ती लाखाची नसते. आणि बहुतेक वेळा ते नाव बनवणाऱ्याचंही नसतं. साडीच्या पदरामागे दुकानाचा शिक्का असतो, विणकराचं नाव नसतं. इथेही तसंच आहे. म्हणून काठीवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचायचं. आधी बांबू बघायचा, मग दोरा, मग धातू. हे तिन्ही सहसा खोटं बोलत नाहीत. नाव मात्र बोलू शकतं.

आधी ही वस्तू आहे काय ते बघू. मानशीवर, म्हणजे खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, बसून काळुंदर नाहीतर शेवटो गरवणारा आपला माणूस कुंपणाकडचा माणगा तोडतो, तो वाळवतो, शेंड्याला दोरी बांधतो आणि मोकळा होतो. माणगा आतून जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे तो तसाच्या तसा वापरता येतो. त्या काठीला कोणी कारागीर नसतो आणि तो शोधायची गरजही नसते. जिच्याबद्दल आपण बोलतोय ती काठी अशी अखंड नसते. ती चिरलेल्या बांबूची असते. केन रॉड म्हणतात तिला, पण माल बांबूचाच. वेताचा संबंध आलाच तर काही जुन्या अमेरिकन काठ्यांच्या मुठीला वेत गुंडाळलेला असतो तेवढाच.

बांबूची ताकद असते सालीलगतच्या दाट तंतूंत. आत जावं तसा तो भुसभुशीत होत जातो आणि मधे पोकळ. गळाच्या काठीला हवं असतं बरोबर उलटं: बारीक, निमुळतं आणि तरी आरपार चिवट. यावरचा तोडगा म्हणजे जाड बांबू उभा चिरायचा, त्याच्या पट्ट्या रंध्याने त्रिकोणी तासायच्या, साल बाहेर ठेवून सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या. प्रत्येक त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणजे सहा मिळून पूर्ण वर्तुळ. तयार होते ती षटकोनी, भरीव काठी. शेंड्याच्या टोकाला तिची जाडी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर उरते, आणि त्या दीड-दोन मिलिमीटरमध्येही सहा वेगळ्या पट्ट्या असतात. रंध्याच्या एका चुकीच्या फटक्यात पट्टी वाया जाते. हे काम करणाऱ्या माणसाबद्दल कुतूहल वाटतं ते यामुळेच.

तेव्हा पहिली परीक्षा सोपी आहे. काठी उन्हात धरून हळूहळू फिरवा आणि पैलू मोजा. सहा असतील तर नेहमीची. चार असतील तर अमेरिकेतल्या एडवर्ड्स घराण्याची ‘क्वाड्रेट’ असू शकते. पाच असतील तर नॅट उस्लान हे नाव डोळ्यांसमोर आणा, कारण पाच पट्ट्यांच्या काठ्यांसाठी तो प्रसिद्ध होता. पैलूच नसतील, काठी गोल, गडद आणि शिवणीशिवाय असेल, तर ती बांबूची नसून ग्रीनहार्ट या दक्षिण अमेरिकेतल्या लाकडाची असण्याची शक्यता मोठी. तिचा शोध वेगळ्या वाटेने जातो. आणि काठी गोल, पण पेरं दिसणारी, लाखेसारख्या चकचकीत लेपाची आणि एकात एक शिरणाऱ्या बऱ्याच तुकड्यांची असेल, तर ती जपानी परंपरेतली वाझाओ. तिच्यावर कारागिराचा शिक्का डागलेला असतो, शाईने लिहिलेला नसतो.

आता बांबू. यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बनलेल्या चांगल्या काठ्या ‘कलकत्ता केन’च्या होत्या, म्हणजे कलकत्ता बंदरातून चढवलेल्या भारतीय बांबूच्या. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा बंदुकी बनवणारा सॅम्युअल फिलिप १८४० च्या दशकात चिरलेल्या बांबूचे शेंडे करू लागला, तेव्हा त्याच्या हातात हाच माल होता. या बांबूवर जागोजागी भाजल्याचे तपकिरी डाग असत. पुढे त्या डागांचीच फॅशन झाली आणि काहींनी दुसऱ्या बांबूलाही मुद्दाम आच देऊन तसे डाग पाडले. त्यामुळे नुसते डाग बघून ‘कलकत्ता’ ठरवू नका. कलकत्ता बांबूची गाठ जास्त फुगीर असते आणि तंतूंचा थर तुलनेने पातळ. काठीचा तुकडा कुठे मोडलेला असेल तर त्या मोडक्या तोंडाशी भिंग धरून तंतूंची दाटी बघता येते. मोडकी काठी अभ्यासाला उत्तम, हे मी गमतीने म्हणत नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत चित्र पालटलं. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला, ह्वायजी भागातल्या टेकड्यांवरचा एक बांबू बाजारात आला. सरळसोट वाढणारा, गाठी बसक्या, तंतू दाट. व्यापाऱ्यांनी त्याला ‘टोंकिन’ म्हटलं, जरी टोंकिन हा भाग उत्तर व्हिएतनाममध्ये आहे. १९३१ साली मॅक्ल्युअर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं. त्या काळानंतरची जवळजवळ प्रत्येक चांगली काठी याच बांबूची. १९५० च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि अमेरिकन कारखान्यांचा हा पुरवठा तुटला; बंदी सैलावली ती १९७१ मध्ये. दरम्यान फायबरग्लासच्या काठ्या आल्या होत्या, स्वस्त आणि पावसाला न भिणाऱ्या. ज्यांच्या गोदामात जुना बांबू साठवलेला होता ते तगले, बाकीच्यांनी गाशा गुंडाळला. म्हणजे नुसता बांबू ओळखता आला तरी काठीचा काळ ढोबळमानाने हाताशी येतो.

दोऱ्याकडे वळू. काठीवर कड्या, म्हणजे गळाची दोरी जिच्यातून जाते ती वळी, बसवायला रेशमी दोरा गुंडाळलेला असतो, वर व्हार्निश. पण काही काठ्यांवर कड्या नसलेल्या जागीसुद्धा दर इंच-दोन इंचांवर दोऱ्याचे बारीक वेढे दिसतात. हौस म्हणून नव्हे, भीतीपोटी. जुना चिकटा म्हणजे सरस, जनावरांच्या कातड्या-हाडांचा, आणि ओल लागली की तो सुटतो. पट्ट्या फाकू नयेत म्हणून ते वेढे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पाण्याला दाद न देणारे कृत्रिम चिकटे आले आणि वेढ्यांची गरज संपली. तेव्हा दाट वेढे दिसले तर काठी बहुधा विसाव्या शतकाच्या सुरुवातीची किंवा आधीची. शिवणीत जांभळट-तपकिरी बारीक रेघ दिसली तर तो रिसॉर्सिनॉल चिकटा, म्हणजे काठी साधारण १९४० नंतरची, किंवा नंतर कोणीतरी उकलून पुन्हा चिकटवलेली.

हा ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. दोऱ्याचा रंग, मुठीच्या वरच्या बाजूला दिलेल्या वेढ्यांची रचना, एका रंगाच्या कडेला दुसऱ्या रंगाची बारीक किनार, या गोष्टी प्रत्येक कारखान्याच्या ठरलेल्या असत आणि जाणकार त्यावरून घर, म्हणजे बनवणारी पेढी, ओळखतात. पण शंभर वर्षांत दोरा कोणी ना कोणी बदललेला असतोच. रेशीम व्हार्निशखाली अर्धपारदर्शक होऊन काळपट पडतं. नंतरचा नायलॉनचा दोरा तसा होत नाही, त्याचा रंग भडक राहतो. भिंगाखाली फरक लगेच कळतो. एका काठीवर तीन कड्यांचा दोरा काळपट तांबडा आणि दोन कड्यांचा चकचकीत लाल दिसला, तर त्या दोन कड्यांनी काही सिद्ध होत नाही हे धरून चालायचं.

कड्यांचंही थोडं. सैल, खाली लोंबणाऱ्या कड्या साधारण एकोणिसाव्या शतकातल्या. नागमोडी तारेच्या कड्या त्यानंतरच्या. पहिल्या किंवा शेवटच्या कडीत अकीकाचं, म्हणजे अगेटचं अस्तर असेल तर काठी सहसा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची आणि त्यातल्या त्यात वरच्या दर्जाची. अकीकाला तडा गेलेला असतो बऱ्याचदा, पण म्हणून ती कडी काढून टाकू नका.

माझ्या मते सगळ्यात बोलका भाग म्हणजे फेरूल. काठीचे तुकडे एकमेकांत बसवणारी धातूची नळी ती. हिच्यावर मी जास्त वेळ घालवतो. चांगल्या घरच्या काठीची फेरूल जर्मन सिल्व्हरची असते, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रणाची. नावात चांदी असली तरी आत चांदी नसते. स्वस्त काठीची फेरूल पितळेची असते आणि वर निकेलचा मुलामा. मुलामा घासून गेलेल्या जागी पिवळं दिसलं की निकाल लागला. ॲल्युमिनियम दिसलं तर काळ आणखी अलीकडचा.

आता फेरूल जिथे बांबूवर संपते ती कड बघा. जुन्या, साध्या फेरूलची कड सरळ कापलेली असते, आणि काठी नेमकी तिथेच मोडते, कारण वाकणारा बांबू अचानक ताठ धातूला भिडतो. हायरम लिओनार्ड या अमेरिकन कारागिराने यावर उपाय केला: कडेला उभ्या चिरा पाडून तिच्या पाकळ्या केल्या, म्हणजे धातूही थोडा वाकेल. त्याची १८७५ आणि १८७८ ची पेटंटं आहेत, पहिलं पाणी न शिरणाऱ्या जोडाचं आणि दुसरं या चिरांचं, आणि त्या तारखा त्याच्या काही फेरूलवर ठोकलेल्या सापडतात. पुढे ही पद्धत सगळ्यांनी उचलली, त्यामुळे नुसत्या पाकळ्या म्हणजे लिओनार्ड नव्हे. पण पाकळ्या किती, चिरा किती लांब, नळीच्या तोंडाशी कडं आहे का, ते कसं घडवलंय, यावरून कारखाने वेगळे काढता येतात. फेरूलचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात सांगतात. तेरा म्हणजे १३/६४ इंच. इंग्रजी काठ्यांत कधी एक वेगळाच प्रकार दिसतो: सांधा फिरवून कुलूप लागल्यासारखा बसतो, निसटत नाही. हार्डीच्या ‘लॉकफास्ट’ सांध्याची ख्याती यासाठीच.

लिओनार्डचं नाव आलंच आहे तर त्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण या धंद्यात ‘कोणी बनवली’ हा प्रश्न इतका अवघड का होतो ते तिच्यात आहे. मेन राज्यातल्या बँगोरमध्ये त्याचा कारखाना होता, १८८१ मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल व्हॅलीला गेला. बांबूच्या पट्ट्या अचूक कोनात कापणारं यंत्र त्याने बनवलं आणि ते बंद खोलीत ठेवलं. पण खोली बंद ठेवली तरी माणसं बाहेर पडतातच. फ्रेड थॉमस, युस्टिस एडवर्ड्स, एडवर्ड पेन हे तिघंही त्याच्याकडे तयार झालेले. तिघांनी मिळून धंदा काढला, मग वेगळे झाले, आणि प्रत्येकाचं नाव पुढे स्वतंत्र घराणं बनलं. पेनचा मुलगा जिम पेन तर बापाहून मोठा झाला. एका ठिकाणी शिकलेल्या हातांनी वेगवेगळ्या नावांखाली केलेलं काम, त्यात तेच सांधे, तीच रंध्याची सवय. ‘ही लिओनार्डची आहे’ आणि ‘ही लिओनार्डच्या माणसाची आहे’ यांत पैशांचा फरक प्रचंड, आणि डोळ्यांना दिसणारा फरक केसाएवढा.

दुसरीकडे होते मोठे कारखाने. मॉन्टेग्यू, हॉरॉक्स-इबॉटसन, साउथ बेंड, हेडन. हे स्वतःच्या नावाने तर विकतच, शिवाय दुकानदारांना त्यांच्या नावाचे शिक्के मारून काठ्या पुरवत. इंग्लंडमध्ये हेच काम रेडिच गावात चालायचं. रेडिच मुळात सुया बनवणाऱ्यांचं गाव. सुई वाकवली की गळ होतो, म्हणून गळ आले, गळांमागून काठ्या आल्या. तिथली ऑलकॉक ही पेढी घाऊक माल पाठवत असे आणि तिची खूण हरणाची. म्हणजे लंडनच्या एखाद्या देखण्या दुकानाचं नाव असलेली काठी रेडिचच्या कारखान्यात तयार झालेली असू शकते, त्या दुकानदाराने आयुष्यात रंधा हातात न धरता.

गोव्यात सापडणाऱ्या काठ्यांसाठी याचं सगळ्यात जवळचं उदाहरण मुंबईत आहे. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आजही उभी आहे. आर्मी अँड नेव्ही या लंडनच्या दुकानाने १८९१ मध्ये मुंबईत शाखा उघडली आणि साहेबांना तंबूपासून चमच्यापर्यंत सगळं पुरवलं, गळाच्या काठ्यांसकट. काठीच्या बुडाच्या टोपीवर हे नाव असेल तर त्यावरून कुठे विकली गेली ते कळतं. कोणी बनवली ते फेरूल आणि दोऱ्यालाच विचारायचं.

तरी नावं अगदीच निरुपयोगी नाहीत. ती कुठे आणि कशी लिहिली आहेत ते बघायचं. व्हार्निशच्या खाली, बांबूच्या पैलूवर, बारीक शाईने लिहिलेलं नाव सहसा बनवणाऱ्या घराचं असतं. रिळाच्या, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकाच्या, बैठकीवर किंवा बुडाच्या टोपीवर ठोकलेलं नाव दोघांपैकी कोणाचंही. इंग्लंडमधल्या ॲनिकच्या हार्डी ब्रदर्सच्या काठ्यांवर, १८७२ पासूनची ही पेढी, ‘पालाकोना’ हे त्यांच्या चिरलेल्या बांबूचं व्यापारी नाव दिसतं आणि मुठीजवळ अनुक्रमांक असतो; त्या आकड्यावरून आणि त्याच्या अक्षरावरून वर्षाच्या जवळपास पोचता येतं. पत्ताही कामाचा. लंडनचं फार्लो हे १८४० चं दुकान बराच काळ १९१, स्ट्रँड या पत्त्यावर होतं, नंतर हललं. दुकानं जागा बदलतात तेव्हा शिक्केही बदलतात, आणि शिक्क्यावरचा पत्ता काळाची खालची-वरची हद्द आखून देतो.

रीळ सोबत असेल तर तेही तपासा, पण काठीचं आणि रिळाचं घर एकच असेल असं समजू नका. रिळावर किंवा बैठकीवर पेटंटचा आकडा असेल तर काम सोपं. अमेरिकेचं दहा लाखावं पेटंट १९११ चं, वीस लाखावं १९३५ चं. तुमचा आकडा कुठे बसतो ते लगेच कळतं. ब्रिटिश पेटंटांचे आकडे १९१५ पर्यंत दर वर्षी नव्याने एकपासून सुरू व्हायचे, म्हणून तिथे आकड्यासोबत वर्षही हवं. १९१६ पासून ते १,००,००१ पासून सलग चालू झाले. ब्रिटिश मालावर पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराची नोंदणीखूण दिसली तर ती १८४२ ते १८८३ मधली, ‘आर-डी’ अक्षरांपुढे आकडा असेल तर १८८४ नंतरची. एवढं मात्र खरं की पेटंटची तारीख ही ‘याच्या आधीची नाही’ एवढंच सांगते. तीच फेरूल पुढे तीस वर्षं बनत राहिलेली असू शकते.

आता गोव्याचा प्रश्न. या काठ्या इथे आल्या कशा? मांडवी-झुआरीतल्या चोणक आणि तांबसो या माशांसाठी कोणी मुद्दाम इंग्लंडहून मागवलेल्या असणार नाहीत. बोटींवर चाकरी करणारे, मुंबईत आणि कराचीत साहेबांकडे राहिलेले, पूर्व आफ्रिकेत कारकुनी केलेले गोंयकार घरोघरी होते. केनियाच्या डोंगरातल्या नद्यांत ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्राउट मासे सोडले, त्यामुळे तिथल्या साहेबांच्या घरी इंग्रजी काठ्या असायच्याच. साहेब परत गेला की अशा वस्तू कारकुनाच्या पेटीत यायच्या. दुसरी वाट खुद्द गोव्याची: १९५० च्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली तेव्हा इथली दुकानं परदेशी मालाने भरलेली होती, आणि त्याच काळात मुरगाव बंदरातून लोखंडाचं खनिज जपानला जात होतं. या सगळ्या वाटा खऱ्या आहेत, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नाव विचारण्यापेक्षा हे विचारा: ती काठी घरात कधी आली, कोणाबरोबर, कुठल्या पेटीतून? काठी कुठली बनावटीची हे घरच्यांना बहुधा चुकीचं ठाऊक असतं. ती कोणी आणली हे बहुधा बरोबर.

जपानचं नाव निघालंच आहे, तर लाकडी पेटीतल्या काठ्यांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण ‘आजोबांची इंग्लंडची काठी’ पुष्कळदा हीच निघते. बिजागरीची चपटी लाकडी पेटी, आत तुकड्यांसाठी खाचा, पाच-सहा तुकडे, दोन शेंडे, कधी एक उलटसुलट बसवता येणारी मूठ, कधी सोबत लहानसं रीळ आणि गळाला लावायच्या पिसांच्या नकली माशा. तुकडे अदलाबदल करून एकाच संचातून दोन-तीन प्रकारच्या काठ्या जोडायच्या अशी कल्पना. पहिल्या नजरेत डोळे दिपतात. मग फेरूल हातात घ्या: पातळ पत्रा, मुलामा उडून आतलं पितळ दिसणारा. पैलूंवरच्या गाठी बघा. जाणता कारागीर शेजारच्या पट्ट्यांच्या गाठी वर-खाली सरकवतो, म्हणजे सगळे कच्चे दुवे एका जागी येत नाहीत. इथे त्या बऱ्याचदा जवळजवळ एका ओळीत येतात. दोरा तीन-चार रंगांचा, भरपूर, आणि शिवणी फाकवून बघितल्या तर सरस कोरडा पडून चूर्ण झालेला. पेटीच्या झाकणाच्या आत किंवा मुठीवर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असला तर वाद संपला: युद्ध हरलेल्या जपानने अमेरिकी ताब्याच्या काळात बाहेर पाठवलेला माल तो, आणि तो ताबा २८ एप्रिल १९५२ ला संपला. या काठ्या गरवायला कामाच्या नाहीत आणि विकून फारसं काही येत नाही. पण इतका नेमका काळ सांगणारी जुनी वस्तू घरात दुसरी क्वचितच सापडेल. माझा तरी यांच्यावर जीव आहे.

किमतीबद्दल बोलायचं तर आधी लांबी मोजा. जुळणीच्या काठीचे सगळे तुकडे सारख्या लांबीचे असतात. एक शेंडा दुसऱ्यापेक्षा दोन-तीन इंच आखूड असेल तर तो कधीतरी मोडला आणि टोकाची कडी खाली आणून बसवली. पूर्ण लांबी साडेआठ, नऊ, साडेनऊ फूट अशी सरळ यायला हवी. आठ फूट आठ इंच आली की संशय घ्या. दोन वेगळ्या काठ्यांचे तुकडे जुळवून एक केलेलीही पुष्कळ दिसते. मुठीचा तुकडा चांगल्या घरचा आणि वरचे दोन कारखान्याचे. गाठींची मांडणी तुकड्या-तुकड्यात वेगळी निघाली की चोरी पकडली जाते.

इतकं करूनही घर ठरत नसेल तर शेवटचा मार्ग मोजमापाचा. व्हर्नियर कॅलिपर घ्या, शेंड्यापासून दर सहा इंचांवर जाडी मोजा, तिन्ही जोड्यांच्या पैलूंवर, आणि सरासरी लिहून काढा. काठी टोकाकडून बुडाकडे कशी जाड होत जाते, कुठे झटकन फुगते, कुठे थबकते, हा प्रत्येक कारागिराचा स्वतःचा ठेका असतो. नामांकित काठ्यांची अशी मापं अभ्यासकांनी नोंदवून ठेवलेली आहेत आणि तुमची मापं त्यांच्याशी ताडून बघता येतात. व्हार्निशचा थर जाड असेल तर तो वजा धरायचा. फ्रान्समधल्या अँब्वाजच्या पेझों-ए-मिशेलच्या ‘पॅराबोलिक’ काठ्या, चार्ल्स रिट्झच्या आखणीच्या, अशा मापांतून ओळखता येतात: बुडापर्यंत वाकणारी काठी, म्हणून मुठीलगतचा भाग अपेक्षेपेक्षा बारीक.

हे सगळं करायच्या आधी एक गोष्ट अजिबात करू नका. साफ करू नका. सॅंडपेपर मारला की शाईचं नाव पहिल्या दोन फटक्यांत जातं. नवं व्हार्निश लावलं की जुन्या दोऱ्याचा रंग वाचता येत नाही. पितळ पॉलिशने घासलं की मुलाम्याचा पुरावा जातो. थिनरचा बोळा तर दूरच ठेवा. कोरडं, मऊ कापड पुरे. नाव पुसट असेल तर टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवी धरून फोटो काढा. ठोकलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात. शाईच्या अक्षरांसाठी मात्र उजेड सरळ हवा आणि बांबूवर पाण्याची एक बारीक फुंकर, लगेच टिपून घेतलेली.

आपल्या हवेत एक वेगळा शत्रू आहे. जूनपासून चार महिने सरसाच्या काठीला ओल लागते, ऑक्टोबरात उकाड्याने ती पुन्हा सुकते, आणि असं साठ वर्षं झालं की पट्ट्या सुटतात. काठी पिळली गेल्यासारखी वाटते का ते बुडाशी डोळा लावून सरळ रेषेत बघा. बारीक टाचणीएवढी भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर भुंगेरा लागलाय, ती काठी बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. रेझीन मुरवलेल्या काठ्या याला अपवाद. अमेरिकेतल्या ऑर्व्हिसच्या आणि ॲबर्डीनच्या शार्प्सच्या काठ्यांच्या बांबूत युद्धानंतरच्या काळात रेझीन आतपर्यंत भिनवलेलं असे, त्यांना वरून व्हार्निशची गरज नसते, रंग सारखा तपकिरी आणि हाताला गुळगुळीत. पावसाळ्यात माळ्यावर राहूनही त्या तगतात.

काठी तिच्या कापडी पिशवीत, उभी टांगून, भिंतीला न चिकटता ठेवा. ॲल्युमिनियमच्या नळीत ओल अडकते, म्हणून पावसाळ्यात नळीचं झाकण उघडं. आणि जे कळलं ते एका कागदावर लिहून पिशवीत घाला: किती पैलू, कुठला बांबू वाटतो, फेरूलचा धातू आणि माप, कोणता दोरा मूळचा आणि कोणता बदललेला, दर सहा इंचांची जाडी, कोणी कुठून आणली. घर ठरलं नसेल तर ‘रेडिचच्या धाटणीची, मुंबईत विकलेली’ असं लिहिलं तरी चालतं. पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई दमट कापडात पसरते.